पुढे तेच

गाणं गेलं हे घराला कळलं ते चैत्रातल्या एका मंगळवारी, पापड लाटताना.

रंजनाबाई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. ती गेली त्या दिवशी गाण्याची आठवण कोणालाच झाली नाही. घरात माणूस मेलं की लोक किल्ल्या शोधतात, औषधांच्या बाटल्या टाकून देतात, साड्या वाटून टाकतात. गाणं कोण शोधतं? मग नात रुचिकाचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं ठरलं, वैशाखातली तारीख निघाली, आणि कळसाडी गावच्या घराच्या ओट्यावर गल्लीतल्या आठ-दहा बाया पोळपाट घेऊन बसल्या.

"हात चाली ऱ्हायनात तं तोंड बी चालू द्या," सून चेतना म्हणाली. "हयदनं गानं आतेच घोकी ल्यूत. ऐन टाइमले फजिती नको."

हे गाणं या एका घराचं. हळदीच्या दिवशी उखळात हळकुंडं कुटताना ते म्हणायचं. त्यात देवाचं नाव नाही, नवरदेवाचंही नाही. या घरात सून म्हणून आल्या आणि इथेच मेल्या, त्या बायकांची नावं आहेत. शेवटची गेली तिच्यापासून सुरू करायचं आणि मागे मागे जायचं. एकीने नाव उचलायचं, म्हणजे कुठल्या गावची, कोण, ते म्हणायचं. बाकीच्यांनी शेवटचा तुकडा झेलायचा, म्हणजे ती घरात कशी आली ते म्हणायचं. कोणी दिवा झाकत आली, कोणी मागे न बघता आली. पुरुषांची नावं सातबाऱ्यावर होती, वंशावळ ठेवणाऱ्या भाटाच्या पोथीत होती. बायकांची या गाण्यात होती, दुसरीकडे कुठेच नव्हती.

चेतनाने सुरुवात केली. "निझरनी जमनाबाई वं..."

बायांनी झेललं, "न बोलता उनी." न बोलता आली.

पाच नावं झाली. सहाव्याला चेतना अडखळली. तिने इकडे तिकडे पाहिलं. लाटणी थांबली.

"अवं, मी सांगस ना," शेजारची भाविका म्हणाली. "सहावा झेल 'रडत रडत उनी' शे. माले पक्कं याद शे."

"ते तं माले बी याद शे. पन रडत उनी, ती कोन?"

"मन्ही सासू व्हई. ती आज बी रडी ऱ्हायनी."

सगळ्या हसल्या. मग एकेकीच्या ध्यानात आलं. अकराच्या अकरा झेल प्रत्येकीला येत होते. पाचापुढची उचल एकीलाही येत नव्हती. चाळीस वर्षं उचलायला रंजनाबाई होती, आणि झेलणाऱ्या बाईला पहिला अर्धा भाग पाठ करायची गरज कधी पडलीच नव्हती.

"मी पंचवीस वरीस नुसतं झेलीच ऱ्हायनू," चेतना हळू म्हणाली. "उचलाले माय व्हतीच ना."

आत झोक्यावर रंजनाबाईचा नवरा रतिलाल बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. बहात्तर वर्षांचा झाला तरी त्याचा कान तसाच होता. शहाद्याच्या शाळेत बत्तीस वर्षं त्याने संगीत शिकवलं, राज्य नाट्यस्पर्धेत दोनदा संगीताचं पारितोषिक घेतलं, शाळांच्या प्रार्थनांना चाली दिल्या. पंचक्रोशीत 'संगीतकार नाना' म्हटलं की दुसरं नाव सांगावं लागत नसे.

मुलगा धर्मेंद्र सुरतेहून रजा काढून आलेला होता. तो दारात येऊन म्हणाला, "घरमा संगीतकार बशेल शे आनि तुम्ही एकमेकीसनं तोंड काय दखी ऱ्हायनात? नाना, आईचं गाणं तुम्हाला येतं ना?"

रतिलाल 'बघतो' म्हणू शकला असता. 'आठवून पाहतो' म्हणू शकला असता. तो म्हणाला, "आहे माझ्याकडे. लिहिलेलं आहे."

ओट्यावर लाटणी पुन्हा सुरू झाली.

*

वही सापडायला वेळ लागला नाही. वह्यांच्या बाबतीत तो व्यवस्थित होता. एक्क्याण्णव साल, निळी शाई, स्वरलिपी. पहिली पाच नावं मात्रा मोजून, तालाच्या खणात बसवून लिहिली होती. त्याखाली त्याच्याच अक्षरात दोन शब्द होते. पुढे तेच.

पान उलटलं तर तिथे शाळेची प्रार्थना सुरू झाली होती.

त्याला तो दिवस आठवला. आठवायला नको होता, पण आठवला. रेडिओसाठी लोकगीतं गोळा करणारे दोघे जण शहरातून आले होते. त्याने पेटी काढून ठेवली होती. रंजनाबाई पदर खोचून बसली आणि गायला लागली, आणि पहिल्याच नावाला पेटीशी तिचं जमेना. ती पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी गात होती. शिवाय नाव आणि झेल यांच्या मध्ये ती थांबत होती, आणि ते थांबणं मात्रेत बसत नव्हतं. पाहुण्यांतला एक जण टेपचं बटण चाचपत खाली बघत होता. रतिलालला घाम फुटला. पाच नावं झाल्यावर तो हसून म्हणाला, "रंजना, तू चहाचं बघ. कामिनी म्हणेल हे."

कामिनी तेव्हा नऊ वर्षांची होती. त्याने तिला सरगम शिकवलेली होती. त्याने थांबण्याच्या जागा काढल्या, गाणं केरवा तालात बसवलं, पाचही नावांना एकच चाल दिली आणि मुलीकडून म्हणवून घेतलं. पाहुणे खूश झाले. रेडिओवर नाव आलं, संगीत रतिलाल पाटील. रंजनाबाईने चहा आणून ठेवला, आणि त्यानंतर तेहतीस वर्षं ती त्याच्या कानावर पडेल असं कधी गायली नाही.

ती गात नव्हती असं नाही. तो शाळेत गेला की गायची, हे त्याला शेजारपाजारी सांगत. त्याच्या स्कूटरचा आवाज वळणावर आला की गाणं थांबायचं. त्याला वाटायचं, आपलं घर किती शांत आहे.

त्याचं शिक्षण पुण्याचं. पहिल्या वर्षी गुरुजींच्या घरी तो गायला बसला तेव्हा बाकीची मुलं तोंडात रुमाल धरून हसली होती. 'गळ्याला शेताचा वास येतो' असं एक जण म्हणाला होता. त्याने तो वास पाच वर्षं घासून काढला. बोलणंही बदललं. परत आला तेव्हा तो घरातही पुस्तकातलं बोलू लागला, आणि बायको त्याला जन्मभर अहिराणीत उत्तरं देत राहिली. चांगलं गाणं कोणतं हे त्याला पुण्यात कळलं, असं तो सांगत असे. खरं तर त्याला तिथे एवढंच कळलं होतं की काय आवडलं हे सांगून माणूस मोठा होत नाही, काय आवडलं नाही हे सांगून होतो. मैफलीत नाक मुरडणाऱ्याला पुढची जागा मिळते. त्याने तेच उचललं आणि त्याला रुची म्हणत राहिला. ज्याचा कान तयार झाला त्याला जास्त ऐकू यायला हवं. त्याला कमी ऐकू येऊ लागलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी पुण्यात ऐकलेली एकेक तान त्याला आजही म्हणून दाखवता आली असती. शेजारच्या खोलीतली बायको काय गात होती ते सांगता येत नव्हतं.

वही मिटून त्याने बाहेर येऊन सांगायला हवं होतं, की पाचच आहेत. तो बाहेर आला नाही. त्याने पेटी काढली.

आठ दिवस तो रोज सकाळी बसला. उरलेले सहा झेल सगळ्यांना येत होते, तेवढ्यावरून त्याने सहा उचली रचल्या. नावं हवी होती. ती त्याने मात्रेत बसतील अशी घातली. सारंगखेडानी सुभद्राबाई, प्रकाशानी देवकाबाई, अशी. चाल जुनी वाटावी म्हणून दोन ठिकाणी मुद्दाम ओबडधोबड ठेवली. सगळ्यांत आधी यायला हवं होतं ते रंजनाबाईचं नाव, कारण शेवटची गेली ती तीच. त्यासाठी त्याने कोमल स्वर वापरले आणि झेल दिला, 'फुलनी मायक उनी', फुलासारखी आली. तो झेल बसला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. काम छान झालं होतं. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला दोन घास जास्त गेले, आणि पुढे ज्या ज्या गोष्टींची त्याला लाज वाटली त्यांत या दोन घासांची सगळ्यांत जास्त वाटली.

चेतनाने आणि रुचिकाने गाणं दोन दुपारींत पाठ केलं. धर्मेंद्रने मोबाइलवर रेकॉर्ड करून भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'आईचं गाणं. नानांनी जपून ठेवलं.' संध्याकाळपर्यंत हात जोडलेल्या चित्रांचा ढीग पडला. सुरतेचे, नाशिकचे, कोण कुठले लोक रडले. लग्नाच्या बँडवाल्याने ते बसवायलाही घेतलं.

फोन एकच आला, कामिनीचा. ती धडगावला शाळेत शिकवत होती.

"नाना, हे आईचं आहे?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"पण तुम्ही तर पाचावर थांबवलं होतं."

"नंतर लिहून घेतलं," रतिलाल म्हणाला. "तू सासरी गेल्यावर."

 मग ती म्हणाली, "बरं. रविवारी येते."

*

रविवारी पहिली पत्रिका कुलदेवीपुढे ठेवायची होती. कामिनी सकाळच्या जीपने घाट उतरून आली. शहाद्याहून जसोदाबाईंना गाडीत घालून आणलं. त्या रतिलालच्या थोरल्या भावाच्या बायको, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. डोळ्यांना कमी दिसायचं, दात नव्हते, जीभ मात्र धारदार होती. रंजनाबाईच्या आधी नाव उचलायच्या त्या. नवरा गेला, आणि विधवेने नाव उचलायचं नाही या रितीने त्यांनी ते धाकट्या जावेला दिलं. झेलायला मात्र विधवेला मनाई नव्हती.

"रतिभाऊ, वायी गया रे," त्यांनी त्याचा वाळलेला दंड चाचपून पाहिला. "रंजनी व्हती तवय बरा व्हता. आते तुले कोन वरडस?"

"कोणी नाही, भाभी."

"तेच तं."

पत्रिका ठेवून झाली, प्रसाद झाला. धर्मेंद्र म्हणाला, "मोठी आई, आता गाणं ऐका. आईचं अख्खं गाणं सापडलंय."

"अख्खं?" जसोदाबाई ताठ बसल्या. "माले तं कथाईन बी याद येत नही. कोनी चुकनं तं माले समजस. पन बरोबर काय, ते व्हटवर येत नही. बरं व्हयनं. म्हना वं पोरीसवन."

चेतनाने उचललं, रुचिकाने आणि भाविकाने झेललं. जसोदाबाई डोळे मिटून झेलायला बसल्या. रंजनाबाईचं नवं नाव त्यांनी ऐकून घेतलं, आणि जुन्यातल्या पहिल्याच नावाला मागे पडल्या. बाकीच्यांचा झेल होऊन गेल्यावर त्यांचा एकटा आवाज आला, "...उनी." दुसऱ्या नावालाही तसंच. तिसऱ्याला त्यांनी मांडीवर हात आपटून ताल धरायचा प्रयत्न केला.

"मन्हा झेल मांगे का पडी ऱ्हायना?"

"मोठी आई, वय झालं आता," धर्मेंद्र प्रेमाने म्हणाला. "तुम्ही नुसतं ऐका."

"हं. व्हई तसंच."

रतिलालला माहीत होतं त्या मागे का पडतात ते. त्या थांबण्याच्या जागेवर थांबत होत्या. ती जागा त्याने काढलेली होती. तो झोक्याची कडी बघत बसला.

जुन्यातलं सहावं नाव आलं. सारंगखेडानी सुभद्राबाई वं...

जसोदाबाईंनी हात वर केला. गाणं थांबलं.

"हाई सुभद्राबाई कोन वं?"

चेतनाने आणि रुचिकाने एकमेकींकडे पाहिलं.

"मन्ही सासूनी माले समदं नावं सांगेल व्हतात. लगन व्हयनं तवय, उखयपुढे बसाडीसन. आनि हाई माले याद कशी नही?" त्यांचा आवाज बारीक झाला. "सारंगखेडानी. रडत उनी. मी हिले पार इसरी गऊ?"

"होतं असं, मोठी आजी," रुचिका म्हणाली. "मला तर कालचं आठवत नाही."

"तुन्हं येगळं शे, बेटा. माले उठाड."

रुचिकाने त्यांना धरून उठवलं. त्या देव्हाऱ्याकडे वळल्या आणि त्यांनी हात जोडले. 

"सुभद्रामाय, मी तुले इसरी गऊ. तुन्हा झेल बी माले नीट उना नही. तू रडत रडत या घरमा उनी, आनि मी तुन्हं नाव बी ठेवं नही. माफी दे, माय. मरतासमये मन्हा हातखाल असं पाप व्हयनं."

चेतना पदराने डोळे पुसायला लागली.  रतिलाल गप्प होता. आजही त्याला त्या गप्प राहण्याचा हिशेब देता येत नाही. एवढा वेळ गेला की जसोदाबाईंनी कान पकडले, वाकल्या, देवाला डोकं टेकवलं आणि त्या परत वळल्या. तेवढ्यात त्याने बोलायला हवं होतं. त्याच्या मनात असं आलं की थोडं थांबलो तर हेही होऊन जाईल. म्हातारी शहाद्याला जाईल, लग्न होईल, गाणं राहील. पन्नास वर्षांनी सुभद्राबाई खरी होईल.

कामिनी त्याच्याकडे बघत होती.  बोलली असती तर बरं झालं असतं.

"भाभी," रतिलाल म्हणाला. "ती बाई नही शे."

जसोदाबाईंनी मान वळवली.

"सुभद्राबाई कोनी व्हतीच नही. ते नाव मी बांधं. पाच नावं खरा शेतस. पुढला सहा मी घरमा बशीसन करात. तू काहीच इसरेल नही."

 मग भाविका हळूच उठून ओट्यावर गेली. हा घरचा मामला होता.

"नाना, हे आत्ता सांगायचं होतं?" धर्मेंद्रचा चेहरा लाल झाला होता. "साडेतीनशे लोकांनी ऐकलंय ते. मी खाली काय लिहिलंय माहीत आहे ना तुम्हाला? मी काय तोंड दाखवू?"

"मला माहीत आहे."

"बँडवाल्याने बसवलंय." तो खोलीत फेऱ्या मारायला लागला. मग थांबला, आणि त्याचा आवाज बदलला, सुरतेत गिऱ्हाइकाला समजावताना असेल तसा. "बरं, ऐका सगळे. फरक काय पडतो? खरी नावं कोणालाच माहीत नाहीत. नानांनी बांधलंय ते छान आहे. हेच म्हणू. बाहेर कोणाला सांगायचं नाही."

उत्तर चेतनाने दिलं. दोन दुपारी ती 'नाना, हे बघा, नाना, हे बरोबर का' करत त्याच्या पेटीपाशी बसली होती. ती उठून उभी राहिली.

"फरक नही पडस? मी बी याच घरमा मरसू. मन्हं नाव कोनले याद नही उनं, तं मन्हा जागावर बी एखादी सुभद्रा बसाडी देशात? मात्रामा बसनी म्हंजे झायं?"

"तुझी गोष्ट वेगळी आहे."

"कशी येगळी? त्या बी कोनी परक्या नही व्हत्यात. व्हऊच व्हत्यात, याच घरन्या सुना."

धर्मेंद्र बहिणीकडे वळला. "कामिनी, तू सांग हिला. तुला गाण्यातलं कळतं."

"मला?" कामिनी हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "आईला चहाला पाठवून तिच्या जागी कोणाला बसवलं होतं, माहीत आहे तुला? मला. मी नऊ वर्षांची होते. मला वाटलं मी जिंकले. आई चहा घेऊन आली तेव्हा मी तिच्याकडे कशी बघत होते, ते मला अजून आठवतं. नंतर किती वेळा मनात आलं, तिला म्हणावं, मला शिकव. लाज वाटायची. नानांना वाईट वाटेल असं मी स्वतःला सांगायचे. वाईट मलाच वाटणार होतं." ती रतिलालकडे वळली. "फोनवर तुम्ही खोटं बोलताय हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी चार दिवस गप्प बसले. म्हणजे मी तुमचीच."

जसोदाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. त्या एकदम खुदकन हसल्या.

"खोटी बाईनी माफी मांगी मी. कान बी धरात." मग हसू गेलं. "रतिभाऊ, इकडे ये. आठे बस."

तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"जुनं पयलं नाव कोनं?"

"माझ्या आईचं. जमनाबाई."

"ते कोनी बांधं?"

रतिलालला हा प्रश्न कळला नाही. नावं असतात. कोणीतरी कधीतरी बांधलेली असतात.

"रंजनीनी बांधं. सासू मरनी तवय मी नवीन रांड, माले उचलता येत नव्हतं. रंजनी तीन महिना लायात. रोज माले इचारे, भाभी, सासू घरमा कशी उनी व्हती? मी म्हनं, माले काय ठावं, सासऱ्याले इचार. तिनी डोई झाकीसन सासऱ्याले इचारं. सासरा म्हने, ती बोलनीच नही. गाडीमा नही, दारमा नही, आठ दिन नही. तवय रंजनीनी ते बांधं. 'न बोलता उनी.' आनि 'न बोलता'ना आधी तिनी सूर तोडा. थांबनी. मुसय वर जास तितला येय कोनीच काही बोलाचं नही. त्या थांबामा तुन्ही माय व्हती. तू तो सूर सांधी टाका ना?"

"हो," रतिलाल म्हणाला. "मला वाटलं तिचा श्वास पुरला नाही."

त्याने आयुष्यभर चाली लावल्या होत्या. दुसऱ्याने लिहिलेल्या शब्दांना, शब्दांचा अर्थ विचारून, कवीला फोन करून. चाल म्हणजे शब्दाच्या आतला माणूस ऐकायचा, असं तो शाळेत मुलांना सांगत असे. हे त्याच्या स्वयंपाकघरात त्याच्या बायकोने त्याच्या आईसाठी केलं होतं, आणि त्याने पाहुण्यांसमोर ते दुरुस्त केलं होतं.

*

"पप्पांच्या लग्नाची सीडी आहे ना?" रुचिका अचानक म्हणाली. "त्यात हळद असेल."

धर्मेंद्रने रतिलालकडे पाहिलं. मग कामिनीने पाहिलं.

"शूटिंग आहे," धर्मेंद्र म्हणाला. "आवाज नाही. म्हणजे, आवाज नानांचा आहे. शूटिंगवाल्याला सांगून नानांनी हळदीवर आपली कॅसेट चढवली होती."

"तरी लावा," चेतना म्हणाली.

सीडी निघाली. लॅपटॉप चौरंगावर ठेवला. रतिलालच्या भावगीताचा पहिला आलाप सुरू झाला तसा त्यानेच हात पुढे करून आवाज बंद केला. पडद्यावर रंजनाबाई आली. सेहेचाळीस वर्षांची, हिरव्या साडीत, मुसळ हातात. तोंड हलत होतं. मुसळ वर जायचं, तोंड मिटायचं, मुसळ खाली यायचं.

जसोदाबाईंना पडदा नीट दिसत नव्हता. त्यांनी रुचिकाला सांगितलं, "मुसय वर गया का मन्हा हातवर टिचकी मार." रुचिका टिचकी मारत राहिली, आणि त्या मिटल्या डोळ्यांनी झेलायला लागल्या. एकही झेल मागे पडला नाही. पाच नावं गेली. सहाव्याला कामिनी पडद्याला नाक लावून तिचे ओठ वाचत होती. "के... केस... केसर?"

"केसर!" जसोदाबाई ओरडल्या. "कुकरमुंडानी केसर! रडत रडत उनी. हाई बरोबर शे. केसर, माय वं!"

सगळे पुढे सरकले. रंजनाबाईने मुसळ वर नेलं. सातवं नाव उचलायला तिने तोंड उघडलं, आणि कॅमेरा हलला. तो मांडवात गेला. तिथे सफारी घातलेला रतिलाल खुर्चीवर बसला होता, कोणीतरी त्याला शाल पांघरत होतं, तो मान लववून नमस्कार करत होता. सत्कार बराच वेळ चालला. कॅमेरा परत उखळापाशी आला तेव्हा हळद कुटून झाली होती आणि रंजनाबाई हात पुसत होती.

धर्मेंद्रने लॅपटॉप बंद केला. त्याने मोबाइल काढला, ग्रुप उघडला आणि काय लिहावं याचा विचार करत बसला. मग त्याने तो रतिलालपुढे धरला. "तुम्हीच लिहा." रतिलालने लिहिलं, 'परवा पाठवलेलं गाणं तिचं नाही. मी बनवलेलं आहे. माफ करा.' त्याला ते तीनदा लिहावं लागलं.

"आते ऐका," जसोदाबाई म्हणाल्या. "हयदले चेतना उचली. जितलं येस तितलं. जे नाव येत नही तठे मुसय वर करानी, थांबानं, आनि नुसता झेल म्हनाना. खोटं नाव टाकानं नही."

"पन पयलं नाव?" चेतनाने विचारलं. "मायनं? तेच बांधेल नही तं गानं सुरू कशाईन व्हई?"

"ते तूच बांधशी. उचलस तिनी बांधानं. मन्हा काय नि तुन्हा सासऱ्याना काय, त्यामा हात नही."

"आनि झेल? माय कशी उनी व्हती?"

"ते नवराले इचारानं ऱ्हास. जिता व्हई तं."

चेतनाने डोक्यावर पदर घेतला आणि रतिलालसमोर येऊन बसली. "नाना, माय या घरमा कशी उनी?"

"मी लिहिलं होतं ते..." रतिलाल म्हणाला.

"फुलनी मायक?" जसोदाबाई म्हणाल्या. "रंजनी? मी दारमा उभी व्हतू ना, रतिभाऊ. मी सांगाव नही. तूच सांग. याद कर."

रतिलाल आठवायला लागला. सत्त्याहत्तर सालचा ज्येष्ठ महिना. दारात बँड होता. बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याचा सूर चढा होता आणि त्याला तो सहन होत नव्हता, हे त्याला स्वच्छ आठवलं. कोणतं गाणं वाजत होतं ते आठवलं. किती चढा होता तेही आठवलं. त्या सुरावरून त्याचं तोंड वाकडं झालं होतं आणि भावाने त्याला कोपराने ढोसलं होतं. मग माप ओलांडलं गेलं असणार. ती त्याच्या उजव्या हाताला असणार.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

 चेतना उठून ओट्यावरचे पापड उलटायला गेली.

याला आता बारा दिवस झाले. पाच नावं सापडलेली नाहीत. कामिनी केसरच्या माहेरी कुकरमुंड्याला चौकशीला जाऊन आली, तिथे कोणी काही सांगू शकलं नाही. हळद पुढच्या गुरुवारी आहे. रंजनाबाई या घरात कशी आली, ते रतिलालने अजून सांगितलेलं नाही.